पगार, सुशेगाद आणि शाबास: लॅटिनमधली शांतता आपल्या बोलण्यात कशी आली?

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा नावाचं मोठं गाव आहे. तिथल्या कुणालाही विचारलं, की बाबा, तुला लॅटिन येतं का, तर तो तुमच्याकडे नवलानं बघेल. पण महिना संपत आला की त्याच गावातला शिक्षक, कंडक्टर किंवा दुकानातला पोरगा एक शब्द हमखास बोलतो: ‘पगार’. ‘पगार झाला का?’ या साध्या प्रश्नात एक लॅटिन शब्द दडलेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘शांतता’ असा आहे.

शांतता, विसावा, निवांतपणा यांसाठी लॅटिनमध्ये बरेच शब्द होते. लॅटिनपासून इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, रोमानियन अशा भाषा जन्मल्या आणि हे शब्द त्यांच्याकडे गेले. जाताना त्यांचे अर्थ बदलले. कुणी पैशाच्या व्यवहारात शिरलं, कुणी बेकारीच्या, तर कुणी मृत्यूच्या. काही शब्द पोर्तुगीज आणि इंग्रजीच्या मार्गे थेट मराठी आणि कोकणीत पोचले. त्यांचा हा प्रवास पाहिला, की ‘आराम’ म्हणजे नक्की काय आणि तो कुणाला मिळतो, हा प्रश्न किती जुना आहे ते कळतं.

‘पगार’मध्ये शांतता कुठून आली?

लॅटिनमध्ये शांततेला ‘पाक्स’ म्हणत. करार या अर्थाचा ‘पाक्तुम’ हा शब्द त्याचाच भाऊ. म्हणजे रोमन माणसाच्या मनात शांतता ही आपोआप असणारी गोष्ट नव्हती. दोन पक्षांनी बसून, ठरवून आणलेली ती स्थिती होती. या ‘पाक्स’पासून ‘पाकारे’ हे क्रियापद झालं. अर्थ, शांत करणं. रोमन सेनापती एखादा प्रदेश जिंकून घेत, तेव्हा तो ‘शांत केला’ असंच म्हणत.

पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये हे क्रियापद बाजारात आलं. ज्याचं देणं आहे तो दारात उभा राहून तगादा लावतो. त्याचे पैसे दिले की तो शांत होतो. म्हणून ‘शांत करणं’ म्हणजेच ‘पैसे चुकते करणं’. त्यातून इटालियन ‘पागारे’, स्पॅनिश आणि पोर्तुगीज ‘पागार’, फ्रेंच ‘पेये’ आणि फ्रेंचमधून इंग्रजी ‘पे’ असे शब्द तयार झाले. सगळ्यांचा अर्थ एकच, पैसे देणं.

पोर्तुगीज भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले तेव्हा हा शब्दही सोबत आला आणि पाव, चावी, बादली, साबण यांच्यासारखाच मराठीत कायमचा राहिला. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे, आपण त्याचं नाम केलं. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बुलढाण्यातही आज तो इतका आपला आहे, की परका वाटत नाही. रोमानियन भाषेत याच मुळापासून ‘समेट घडवणं’ या अर्थाचं क्रियापद झालं, म्हणजे तिथे जुना अर्थ टिकला. आपल्याकडे मात्र पगार झाला की वाणी, दूधवाला आणि घरमालक एकेक करून शांत होतात, तेवढाच काय तो जुना अर्थ उरला आहे.

बेबाकी दाखला आणि ‘क्विट इंडिया’

विसाव्यासाठी लॅटिनमधला मुख्य शब्द ‘क्विएस’. त्याचं विशेषण ‘क्विएतुस’, म्हणजे शांत, स्वस्थ. इंग्रजी ‘क्वाएट’ त्याच्यापासून आला, हे ऐकताच लक्षात येतं. पण याच विशेषणाची बाकीची पोरं ओळखूही येत नाहीत. स्पॅनिशमध्ये त्याच्यापासून ‘केदार्से’ झालं, म्हणजे एका जागी थांबणं, राहणं. रोमानियनमध्ये त्याच्यापासून आलेला शब्द ‘हळू’ या अर्थी वापरतात. फ्रेंच ‘क्वा’चा अर्थ गुपचूप, आणि त्यातून इंग्रजीत गेलेल्या ‘कॉय’चा अर्थ लाजरा.

सगळ्यात वेगळी वाट मात्र कायद्याच्या भाषेत फुटली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्विएतुस’ म्हणजे ज्याच्या अंगावर कुणाचं देणं उरलेलं नाही असा माणूस. त्यातून फ्रेंचमध्ये पावतीला ‘कितांस’ म्हणू लागले. आपल्याकडे बँक किंवा सोसायटी कर्जदाराला ‘बेबाकी दाखला’ देते, म्हणजे याच्याकडे आमची काही बाकी नाही असा कागद देते. अगदी तीच कल्पना. फरक इतकाच, की आपल्या शब्दात ‘बाकी नाही’ एवढंच आहे, आणि त्यांच्या शब्दात त्या कागदाने मिळणारी स्वस्थता आहे.

‘पाकारे’ आणि ‘क्विएतुस’ या दोन वेगळ्या शब्दांनी जाऊन पोचावं ते एकाच ठिकाणी, कर्ज फिटण्यापाशी, हे लक्षात घेण्यासारखं आहे. विदर्भातल्या वाचकाला त्याचं कारण समजावून सांगावं लागणार नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीचं पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणाही होता. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला झोप येत नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमला जितकं ठाऊक होतं, तितकंच इथल्या कापूस उत्पादकालाही ठाऊक आहे.

कर्जातून मोकळा, मग कशातूनही मोकळा, मग सोडून गेलेला, असा अर्थ सरकत सरकत इंग्रजी ‘क्विट’ तयार झाला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून ‘क्विट इंडिया’चा, म्हणजे ‘छोडो भारत’चा ठराव दुमदुमला. देशभर गाजलेल्या त्या घोषणेतला पहिला शब्द मुळात ‘शांत’ असा होता.

‘शाबास’चं काय नातं?

लॅटिन ही संस्कृत आणि फारसीची लांबची बहीण. तिन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या. त्यामुळे ‘क्विएस’चे नातेवाईक आशियातही असणार, आणि ते आहेत. प्राचीन पर्शियन भाषेत याच धातूपासून झालेला ‘शियाति’ हा शब्द सम्राट पहिला दारयवहू याच्या शिलालेखांत येतो. माणसासाठी सुख निर्माण करणाऱ्या देवाचा तिथे उल्लेख आहे, त्यातल्या ‘सुखा’साठी हा शब्द आहे. पुढच्या फारसीत त्याच कुटुंबातला ‘शाद’ म्हणजे आनंदी. ‘शाद बाश’, म्हणजे आनंदी रहा. हेच जोडून बोलता बोलता झालं ‘शाबास’.

म्हणजे शाळेत गुरुजी पोराच्या पाठीवर थाप मारून ‘शाबास’ म्हणतात, आणि ग्रंथालयात भिंतीवर ‘शांतता राखा’ या अर्थाची इंग्रजी पाटी असते, या दोन्हींचं मूळ एक आहे. पर्शियाने त्या मुळातून सुख घेतलं, रोमने विसावा घेतला.

दुपारच्या उन्हातून आलेली शांतता

आता मे महिन्यातली पिंपळगावची दुपार डोळ्यांसमोर आणा. विदर्भातला पारा चाळिशीच्या बराच वर गेलेला असतो. वखरणीला गेलेली माणसं पहाटेच जाऊन ऊन तापायच्या आत परततात किंवा निंबाच्या सावलीत टेकतात. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. वारा पडलेला. सगळं चिडीचूप. ही शांतता कशामुळे आली? उन्हामुळे.

नेमकं हेच चित्र ‘कामा’ किंवा ‘काल्म’ या शब्दात आहे. ‘मन काम ठेवा’ असा सल्ला आपण इंग्रजी शब्द वापरून देतो, त्या शब्दाचं मूळ ग्रीक ‘काउमा’ म्हणजे होरपळवणारी उष्णता. ग्रीकमधून तो उत्तरकालीन लॅटिनमध्ये गेला. दुपारच्या उन्हात माणसं, जनावरं, वारा सगळं थांबतं, म्हणून इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज भाषांतल्या ‘काल्मा’चा अर्थ झाला स्तब्धता. खलाशांनी तो समुद्राला लावला, वारा पडला की समुद्र ‘काल्मा’. पोर्तुगीजमध्ये तर त्याचा ‘दिवसातला कडक उन्हाचा वेळ’ हा अर्थही टिकून राहिला.

फ्रेंचमध्ये या शब्दाचं जे झालं ते मात्र चटका लावणारं आहे. ‘काउमारे’ म्हणजे उन्हाच्या वेळी काम थांबवून विसावा घेणं. त्याचं फ्रेंच रूप झालं ‘शोमे’. आधी उन्हामुळे काम थांबवणं, मग सणासुदीला काम बंद ठेवणं, आणि शेवटी काम नसणं. आज फ्रान्समध्ये ‘शोमाज’ म्हणजे बेकारी. झाडाखाली घेतलेल्या हक्काच्या विसाव्याचा शब्द रोजगार कार्यालयाच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

‘सिएस्ता’चीही हीच वेळ. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा तास मोजत. ‘सेक्स्ता’ म्हणजे सहावा तास, म्हणजे भर दुपार. त्यावरून दुपारच्या झोपेला स्पॅनिशमध्ये ‘सिएस्ता’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘सेस्ता’. पुण्यातल्या ‘एक ते चार बंद’ पाट्यांवर विनोद करणं सोपं आहे. पण उन्हाळ्यात दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका, असं आता प्रशासनच दरवर्षी सांगतं. जुन्या भाषांना हे आधीच माहीत होतं. दुपारचा विसावा ही चैन नाही, जीव सांभाळण्याची रीत आहे.

गप्प बसणं वेगळं, शांतता वेगळी

मराठीत ‘शांतता’ आणि ‘गप्प बसणं’ यांत फरक आहे. रान शांत असतं, रान गप्प बसत नाही. लॅटिनमध्येही ढोबळमानाने असाच भेद होता. ‘सिलेरे’ हे रात्रीसाठी, वाऱ्यासाठी, एकूण आवाज नसण्यासाठी. ‘ताकेरे’ म्हणजे बोलू शकणाऱ्याने तोंड बंद ठेवणं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या केटो या लेखकाने शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात झाडांवर कलम बांधायला ‘मूक चंद्रा’ची वेळ निवडा असं सांगितलं आहे. मूक चंद्र म्हणजे न दिसणारा चंद्र, आपल्या भाषेत अवस.

‘सिलेरे’पासूनचे शब्द आपल्या खिशात आणि गाडीखाली आहेत. मोबाईल ‘सायलेंट’वर ठेवतो आणि मोटारसायकलच्या ‘सायलेन्सर’वर कपडा अडकू नये म्हणून जपतो. ‘ताकेरे’ फ्रेंच, इटालियन, रोमानियनमध्ये जगलं. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ते मागे पडलं. त्याच्या जागी आलेला शब्द मुळात ‘खाली सोडणं’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला. आधी दोर किंवा शीड खाली सोडायचं, मग आवाज.

आणखी एक शब्द फोटो स्टुडिओत भेटतो. ग्रीकमधून आलेल्या ‘पाउसा’ म्हणजे थांबा, यापासून ‘पाउसारे’ म्हणजे थांबणं, विसावणं. त्यातून इंग्रजी ‘पॉज’ आला, आणि फ्रेंचच्या मार्गाने ‘पोझ’सुद्धा. फोटोग्राफर म्हणतो ‘जरा पोझ द्या’, तेव्हा तो मूळ अर्थाने ‘जरा थांबा, विसावा घ्या’ एवढंच म्हणत असतो. पोर्तुगीजमधला विश्रांतीसाठीचा ‘रेपोउझू’ आणि पांथस्थांच्या मुक्कामाची ‘पोउझादा’ हीसुद्धा याच कुटुंबातली.

सुशेगाद म्हणजे आळशी नव्हे

लॅटिनच्या विसाव्याचा आपल्या सगळ्यात जवळचा वारस गोव्यात आहे. १५१० साली अफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकलं आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. साडेचारशे वर्षांच्या या काळात कोकणीत शिरलेल्या शब्दांपैकी ‘सुशेगाद’ आज सगळ्यात प्रसिद्ध आहे. मूळ पोर्तुगीज ‘सोसेगादो’. बोलताना पोर्तुगीज लोक त्यातल्या आघात नसलेल्या ‘ओ’चा उच्चार ‘उ’सारखा करतात, म्हणून गोव्यात तो ‘सु’ने सुरू होतो. अर्थ, शांत झालेला, स्वस्थ, समाधानी.

कोशकार त्याचं मूळ ‘सेस्सिकारे’ या लॅटिन क्रियापदात शोधतात आणि तेही ‘सेदेरे’ म्हणजे बसणं, याच्यापासून आलेलं. म्हणजे सुशेगाद माणूस तो, ज्याचं मन खाली बसलं आहे, गढूळ पाण्यातला गाळ खाली बसावा तसं. घरी आलेल्या माणसाला आपण आधी काय म्हणतो? ‘बसा.’ त्यातही हाच भाव आहे.

‘सेदेरे’चा संस्कृत भाऊ म्हणजे ‘सद्’ धातू. सदन, सदस्य, परिषद, संसद, उपनिषद हे सगळे त्याच्यापासून झाले. त्यामुळे गोव्याचं सुशेगाद आणि दिल्लीची संसद एकाच मुळाच्या आहेत, जरी संसदेत स्वस्थपणे बसलेलं फार क्वचित दिसत असलं तरी.

पर्यटनाच्या जाहिरातींनी या शब्दाचं भलतंच केलं. समुद्रकिनारा, झुला, हातात ग्लास, म्हणजे सुशेगाद. त्यातून ‘गोव्याचे लोक सुशेगाद’ याचा अर्थ ‘गोव्याचे लोक आळशी’ असा लावला जातो, आणि तिथल्या माणसाला तो टोचतो. त्याचं कारण साधं आहे. गोव्यात पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर रात्रभर भट्टीपाशी जागलेला असतो. माडाची सूर काढणारा रेंदेर दिवसातून दोन-तीन वेळा उंच माडांवर चढतो. मासेमारी करणारा रापणकार अंधारात दर्यावर जातो. दुपारी ही माणसं घटकाभर आडवी होतात, तेव्हाच नेमका पर्यटक जागा झालेला असतो. त्याला दिसतं ते फक्त आडवं होणं.

सुशेगाद हा हातापायांचा गुण नाही, मनाचा आहे. पोर्तुगीजमध्ये याच्या उलट अर्थाचा शब्द आहे ‘देसासोसेगो’, म्हणजे अस्वस्थता. फर्नांदो पेसोआ या लिस्बनच्या लेखकाच्या सगळ्यात गाजलेल्या गद्य पुस्तकाच्या नावात तोच शब्द आहे. पेसोआ १९३५ साली वारला आणि हे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झालं. काम करणं हे सुशेगादच्या विरुद्ध नाही. जिवाची तगमग ही त्याच्या विरुद्ध आहे.

लॅटिनची एक लेक महाराष्ट्रातही नांदते आहे. रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यातल्या कोर्लई गावात काही शे ख्रिस्ती लोक पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्र बोली घरात बोलतात. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. चौल आणि कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, पण बोली राहिली.

आधी निवांतपणा, मग धंदा

रोमन लोकांचा आणखी एक लाडका शब्द होता ‘ओतिउम’, म्हणजे कामकाजातून मोकळा असलेला, वाचन-चिंतनाचा वेळ. सेनेकाने या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आणि कामधंद्याला ते काय म्हणत? ‘नेगोतिउम’, म्हणजे ‘जे ओतिउम नाही ते’. निवांतपणा हे मूळ, आणि धंदा म्हणजे त्याचा अभाव! आजही स्पॅनिशमध्ये धंद्याला ‘नेगोसिओ’ म्हणतात आणि इटलीत दुकानाला ‘नेगोत्सिओ’. आपण ‘निगोशिएट’ करतो तेही तिथलंच.

ऐकायला हे छान वाटतं. पण रोमच्या श्रीमंताला हा निवांतपणा मिळत होता, कारण त्याच्या शेतात आणि स्वयंपाकघरात गुलाम राबत होते. त्यांच्या वाट्याला ओतिउम नव्हता. काळ बदलला तसा या शब्दाचा मानही गेला. फ्रेंचमध्ये त्याच्यापासून आलेल्या ‘वाझिफ’चा अर्थ निरुद्योगी. मराठीतही ‘रिकामा वेळ’ चांगला, पण ‘रिकामटेकडा’ ही शिवी. तोच मोकळा वेळ साहेबाचा असला तर सुट्टी, मजुराचा असला तर आळस.

आणि शेवटचा विसावा

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणाच्या निधनाची बातमी आली की खाली ‘आरआयपी’ची रांग लागते. ही अक्षरं इंग्रजी वाक्याची समजली जातात, पण ती लॅटिनमधून आली आहेत. ‘रेक्विएस्कात इन पाके’, म्हणजे शांततेत विसावो. योगायोगाने इंग्रजी भाषांतराची आद्याक्षरंही तीच पडतात. या तीन शब्दांत ‘क्विएस’ आहे आणि ‘पाक्स’ही आहे, म्हणजे ‘क्विट’चं आणि ‘पगार’चं मूळ एकत्र आलं आहे. मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेला ‘रेक्विएम’ म्हणतात, तेही ‘क्विएस’मुळेच.

मग आपले शब्द काय सांगतात?

लॅटिनच्या शेजारी मराठी शब्द ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. ‘विश्रांती’ आणि ‘विश्राम’ यांच्या पोटात ‘श्रम’ आहे. ‘विसावा’ हे विश्रामाचंच घरगुती रूप. ‘शांत’ ज्या ‘शम्’ धातूपासून आला, त्याचा जुना वैदिक अर्थ कष्ट करणं, दमणं असाही होता. दमून थांबला तो शांत झाला. ‘आराम’ आपल्याला फारसीतून मिळाला, आणि संस्कृतातल्या ‘आराम’, ‘विराम’ यांच्याशी त्याचं जुनं नातं आहे. आजारी माणसाला आपण विचारतो, ‘आराम पडला का?’ तिथे तर आराम म्हणजे सरळ बरं होणं.

रोमच्या ‘ओतिउम’मध्ये कष्ट दुसऱ्याचे होते आणि विसावा आपला. ‘विश्रांती’त मात्र कष्ट आणि विसावा एकाच माणसाचे आहेत. शब्दाच्या रचनेनुसार पाहिलं, तर ज्याने श्रम केले त्याचाच विश्रांतीवर पहिला हक्क आहे.

प्रत्यक्षात तसं होतं का, हा वेगळा प्रश्न. पण पुढच्या वेळी दुपारी झाडाखाली डोक्याचा रुमाल उशाला घेऊन पडलेला माणूस दिसला, तर त्याला आळशी ठरवण्याआधी तो पहाटे किती वाजता उठला होता हे विचारावं. आणि महिनाअखेर कुणाच्या हातावर पगार ठेवायची वेळ आली, तर तो वेळेवर ठेवावा. त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी समोरच्याच्या जिवाला शांतता देणं असा आहे.